आर्यनच्या अंगाला

माझे आजोबा मंडईला कधी मंडई म्हणाले नाहीत. 'रे मार्केट' म्हणायचे, तेही एका दमात. धाकट्या काकाच्या हातात पिशवी देऊन ते "जा रे मार्केटला" म्हणाले, की त्यातला 'रे' काकाचा की मार्केटचा, हा घोळ माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं होता. पुढं कधीतरी कळलं, की रे नावाचा मुंबई इलाख्याचा एक गव्हर्नर होऊन गेला आणि ते मार्केट त्याच्या नावाचं. तेव्हा जरा हिरमुसायलाच झालं. मी त्या 'रे'ला घरचा समजत होते.

आजी मंडईच म्हणायची. एका घरात दोन्ही नावं सुखानं नांदत होती. आजोबांनी आणलेलं वांगं किडकं निघालं, की "हे बघा तुमच्या रे साहेबाचं वांगं" एवढंच ती म्हणायची आणि विळी पुढं ओढायची.

त्या मंडईत मी पन्नासेक वर्षं जातेय. इमारतीकडं नीट पाहिलं मात्र गेल्या पावसाळ्यात, आणि तेही नाइलाजानं. घेवडा घेतला, बाहेर पडणार, तर पावसाची अशी सर आली की समोरचा रस्ता दिसेना. छत्री घरी. मग काय, उभी राहिले. भाजीला आलेला माणूस वर बघत नसतो. त्याची नजर वाट्यावर, नाहीतर तागडीवर, फार तर समोरच्या बाईनं काय भावानं घेतलं त्यावर. त्या दिवशी घेऊन झालं होतं आणि करायला काही नव्हतं, म्हणून मान वर झाली.

मधोमध अष्टकोनी मनोरा, आणि त्याच्या अंगातून बाहेर निघालेल्या लांबच लांब पडव्या. काळा दगड, टोकदार कमानी. चर्च बांधता बांधता मधेच कुणाला तरी कोथिंबिरीची आठवण झाली असावी, असा सगळा थाट. गॉथिक म्हणतात या शैलीला. पण कमानीच्या खाली कांद्याची गोणी उभी असली, की शैली जरा नरमते. वर छपरावर पाऊस तडतडत होता, आत ओल्या गोणपाटाचा आणि मेथीच्या देठांचा वास दाटला होता, आणि पन्नास वर्षं जिला मी छप्पर समजत होते ती इमारत पहिल्यांदाच माझ्याकडं बघत होती.

ज्यांच्याकडून घेवडा घेतला त्या मावशी म्हणाल्या, "थांबा वाईच. ही सर पंधरा मिन्टाची." त्या वर, मी खाली. इथले ओटे उंच आहेत. वरून सोडलेला दोर धरून मावशी सकाळी ओट्यावर चढतात, भाजीच्या उतरंडीमागं मांडी घालतात, आणि मग दुपारपर्यंत खाली उतरायचं नाव नाही. घासाघीस करायची तर गिऱ्हाइकानं मान वर करूनच करायची. निम्मा भाव आपण तिथंच हरतो. त्यांच्या मागच्या खिळ्याला जुनी पितळी तागडी लटकलेली होती. वजन आता बॅटरीच्या काट्यावर होतं; तागडीच्या एका पारड्यात लिंबं होती, दुसऱ्यात सुट्टे पैसे. दोन्ही पारडी जवळजवळ बरोबरीत. "सासूची आहे," मावशी म्हणाल्या. "मोडीत घाला म्हणतो पोरगा."

ही मंडई व्हायच्या आधी पुण्याची भाजी भरायची ती शनिवारवाड्याच्या पुढच्या पटांगणात, उघड्यावर. मला ही गोष्ट फार आवडते. १८१८ ला पेशवाई गेली, १८२८ ला आग लागून आतला वाडा जळाला, राहिला तट आणि तो दिल्ली दरवाजा. ज्या दारातून स्वाऱ्या निघायच्या त्याच्यापुढं मुळ्याच्या जुड्या आणि माठाच्या पेंढ्या. गावाला राज्य गेल्याचं दुःख असेल, नसेल. भाजी मात्र रोज लागते. पण उघडा बाजार म्हणजे पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि बाराही महिने गुरं. तेव्हा नगरपालिकेनं ठरवलं, की शुक्रवार पेठेत बंदिस्त, पक्की, शहराला शोभेल अशी मंडई उभारायची. खर्चाचा आकडा तीन लाखांच्या घरात. उभारणीचं काम वासुदेव बापूजी कानिटकरांनी केलं. फर्ग्युसन कॉलेजच्या मुख्य इमारतीशीही त्यांचंच नाव जोडलेलं आहे. म्हणजे आजोबा जिथं शिकले आणि जिथली किडकी वांगी आणली, त्या दोन्ही वास्तू एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या. १८८६ साली मंडई सुरू झाली आणि तिला लॉर्ड रेंचं नाव मिळालं. हे रे साहेब जन्मानं हॉलंडचे. मुंबईच्या हार्बर मार्गावर 'रे रोड' स्टेशन अजून त्यांच्या नावानं गाड्या थांबवतं.

या तीन लाखांना नगरपालिकेत विरोध झाला होता. विरोध करणाऱ्यांत होते जोतीराव फुले.

जोतीराव तेव्हा सरकारनियुक्त सभासद होते, १८७६ पासून. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्च करायचं ठरलं, तेव्हा बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी नकार दिला होता. मंडईच्या वेळी निदान जोडीला हरि रावजी चिपळूणकर होते. म्हणणं साधं होतं: गावात शाळांना पैसा नाही, आणि तुम्ही भाजीला महाल बांधताय.

आता हे म्हणणारा माणूस कोण, ते बघा. वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीचा धंदा करणारे. आडनावच मुळी धंद्यातून आलेलं. भाजीवाल्याला डोक्यावर छप्पर नसलं की काय होतं, हे त्या सभेत बसलेल्यांपैकी सर्वांत जास्त त्यांनाच ठाऊक असणार. शिवाय ते स्वतः कंत्राटदार. खडकवासल्याचं धरण, येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचा संबंध आला होता. दगड किती, चुना किती, कुठल्या टप्प्यावर कुणाचा हात ओला होतो, हे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. असूड लिहिला जात होता तोही याच काळात, १८८१ ते ८३. म्हणून मला वाटतं, तो विरोध भाबड्या माणसाचा नव्हता. हिशेब कळणाऱ्याचा होता. दगडाचा खर्च ज्याला कळतो तोच विचारू शकतो, की एवढ्या दगडात शाळा किती झाल्या असत्या.

(तरी मनातल्या मनात मी भांडतेच त्यांच्याशी. म्हणते, जोतीबा, अहो, त्या पावसात मावशी कुठं बसल्या असत्या? या भांडणात मी जिंकत नाही, पण हरतही नाही.)

ठराव अर्थातच मंजूर झाला. मंडई उघडल्यावर जोतीराव आणखी चार वर्षं होते. गंज पेठेतलं त्यांचं घर इथून चालत जाण्याच्या अंतरावर. कधी आले असतील का, काठी टेकत, पिशवी घेऊन? १८८८ साली अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, 'सार्वजनिक सत्यधर्म' डाव्या हातानं लिहिला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी पुण्यात खाना झाला, त्याला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राजपुत्राला म्हणाले, की हे झकपक जमलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. तो खाना दिला होता हरि रावजी चिपळूणकरांनीच, मंडईच्या वेळच्या जोडीदारानं. मित्राच्या पंगतीत असं बोलायला, आणि बोलूनही मैत्री टिकायला, दोघेही तसलेच लागतात.

पुढची गोष्ट मंडईच्या दारातली आहे. आज तुम्ही मंडईसमोर उभे राहिलात तर मेघडंबरीखाली लोकमान्य टिळकांचा पुतळा दिसतो. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. अनंत चतुर्दशीची मिरवणूक अजून इथूनच निघते. पुतळा बसला तेव्हा ब्राह्मणेतर चळवळ ऐन जोरात होती, आणि तिचं एक घर याच शुक्रवार पेठेत होतं, जेधे मॅन्शन. केशवराव जेध्यांनी १९२५ साली नगरपालिकेत ठराव आणला: टिळकांचा पुतळा झाला, आता फुल्यांचा होऊ द्या. फेटाळला गेला. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' निघालं आणि गाव पेटलं. चिपळूणकर आणि टिळक यांच्यावर त्यात अशा भाषेत हल्ला होता, की खटला झाला, शिक्षा झाल्या, आणि अपिलात सोडवायला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. त्यातले चिपळूणकर म्हणजे निबंधमालेचे विष्णुशास्त्री. हरि रावजी वेगळे. पुण्यात एका आडनावाचे दोन ध्रुव सापडतात, त्यातलाच प्रकार.

मजा अशी, की ज्यांच्या नावानं ही डोकेफोड चालली होती ते दोघं हयातीत एकमेकांच्या कामाला आले होते. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर पकडले गेले, तेव्हा जामिनाची सोय व्हावी म्हणून जोतीरावांनीच धडपड केली. उरवणे नावाचे एक शेठ त्यांच्याच सांगण्यावरून जामीन राहिले. दोघं डोंगरीच्या तुरुंगातून १०१ दिवसांनी सुटले, तेव्हा सत्यशोधकांनी त्यांचा सत्कारही केला. अनुयायांना असल्या गोष्टी अडचणीच्या वाटतात. मलाही लहानपणी कुणी सांगितल्या नाहीत.

पुतळा नाकारला गेला, नाव मात्र दहा-पंधरा वर्षांत आलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत होते, आणि त्यांनी पुढाकार घेऊन रे मार्केटचं महात्मा फुले मंडई करवलं. पुढं १९५४ साली त्यांनी 'महात्मा फुले' चित्रपटही काढला. फुल्यांनी या इमारतीला विरोध केला होता हे अत्र्यांना माहीत नव्हतं, असं मानायला मी तयार नाही. त्या माणसाला विनोद कळत होता. गव्हर्नराचं नाव उतरवून त्याच्या जागी इमारतच नको म्हणणाऱ्याचं नाव चढवायचं, यात आदर आहे, पण डोळा मिचकावणंही आहे. एका मुत्सद्दी मित्राला मी हे बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "यालाच म्हणतात सत्काराच्या शालीत गुंडाळणं." तो कायमच असं बोलतो. मी शाल तेवढी मान्य केली.

मुंबईलाही अशीच एक महात्मा फुले मंडई आहे. तिचं आधीचं नाव क्रॉफर्ड मार्केट, आणि खरं सांगायचं तर आत्ताचंही तेच; टॅक्सीवाल्याला दुसरं सांगून बघा. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. नंतर तो पुण्यात आला, मध्य विभागाचा कमिशनर म्हणून, आणि मामलेदारांकडून पैसे खाल्ल्याच्या आरोपात सापडला. १८८८ साली त्याची चौकशी बसवली ती कुणी? गव्हर्नर लॉर्ड रेंच्या सरकारनं. लाच शाबीत झाली नाही, हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल नोकरी मात्र गेली. एका मंडईनं दुसऱ्या मंडईची चौकशी केली, आणि पुढं दोघींना नाव मिळालं ते एकाच माणसाचं.

पाऊस मावशींच्या पंधरा मिनिटांत थांबला नाही, चाळीस घेतली. मी भिजतच निघाले आणि शिवाजी रस्त्यानं बुधवार पेठेकडं वळले. दगडूशेठच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली ती तिथं. मंडईपासून पाच-सात मिनिटं. तिथून मी हजार वेळा गेले असेन. तळमजल्याला दुकानं, वर पडझड झालेला, कोर्टात अडकलेला वाडा, माडीतून उगवलेली पिंपळाची रोपटी. कोर्टाचा निकाल लागला आणि २०२३ च्या डिसेंबरात एका रात्रीत तो पाडला. तिथं स्मारक व्हायचं आहे. होऊ दे. पण हातात घेवड्याची पिशवी धरून मी त्या जागेपुढं उभी होते, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: जी वास्तू त्यांनी मागितली, वापरली, जिच्यासाठी शेण आणि दगड सोसले, ती आपल्याच्यानं उभी राहिली नाही. जी नको म्हणून सांगितलं ती काळ्या दगडाची, ठणठणीत, दीडशेच्या घरात आली, आणि कपाळावर त्यांचं नाव. राग कुणाचा यावा हेही कळेना. भिडे वाडा लाकूड-मातीचा होता, मंडई दगडाची, एवढं खरं. तीन लाख दगडात गेले ते दगडानं वसूल करून दिले.

घरी येऊन घेवडा मोडत बसले. आजीसारखी शीर काढायला मला आजही जमत नाही.

मंडईच्या आसपास नावांचं असंच काही तरी चालतं. मंडईजवळ 'आर्यन' होतं, पुण्यातलं पहिलं सिनेमागृह, १९१५ च्या सुमाराचं. आजोबांनी तिथं मूकपट पाहिले होते, आणि पडद्यावर आगगाडी आली की पुढच्या रांगेतले लोक उठून मागं पळायचे असं ते सांगायचे. (ही गोष्ट जगातल्या प्रत्येक आजोबांनी सांगितलेली आहे. आमच्याही.) पुढं ते पाडलं, आणि तिथं वाहनतळ झाला. मिनर्व्हाचंही तेच. आता 'आर्यन' आणि 'मिनर्व्हा' ही गाड्या लावायच्या जागांची नावं आहेत. सिनेमा गेला, तिकीट राहिलं. तेवढं मात्र अजून फाडून मिळतं. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला तेव्हा म्हणे लोक म्हणत होते, मंडई आता बसली. बसली नाही. हल्ली तिच्या पोटाखालून मेट्रो जाते; २०२४ पासून सरकत्या जिन्यानं वर आलं की थेट पालेभाजीच्या वासात. अखिल मंडई मंडळाचे शारदा-गजानन १८९४ पासून झोपाळ्यावर बसून हे सगळं बघताहेत.

परवाच्या रविवारी नातीला घेऊन निघाले. मेट्रोची तिला सवय आहे, म्हणून मुद्दाम रिक्षा केली. रिक्षावाला विशी-बाविशीतला, कानात बोंडकं. मंडई म्हटल्यावर त्यानं मान न वळवता विचारलं,

"मंडईत कुठं, काकू? टिळक पुतळा का आर्यन?"

"आर्यनच्या अंगाला सोड."

नातीनं माझी बाही ओढली. "आजी, आर्यन कोण? आमच्या वर्गात एक आहे."

मी पर्समधून सुट्टे शोधत होते. रविवारी दहानंतर चांगला घेवडा राहत नाही, आणि पावणेदहा झाले होते. "तो नव्हे," म्हटलं, "परत जाताना सांगते."